मध्यम बजेटचा गेमिंग पीसी : सुट्या भागांच्या निवडीचा आढावा

बारावीच्या निकालानंतर, पहिल्या पगारातून किंवा दिवाळीच्या बोनसमधून गेमिंग पीसी जोडायचा बेत अनेक घरांत ठरतो. बजेट बहुधा आधीच ठरलेले असते. चर्चा रंगते ती भागांच्या यादीवरून. प्रोसेसरवर जास्त पैसे घालावेत की ग्राफिक्स कार्डवर? आठ जीबीचे कार्ड पुरेल का? आज स्वस्तात पडणारा जुना प्लॅटफॉर्म घ्यावा की पुढे वाढवता येईल असा नवा? या प्रश्नांवर जाणकारांतही एकमत नाही. प्रत्येक जण वेगळे खेळ, वेगळी स्क्रीन आणि वापराची वेगळी वर्षे गृहीत धरून बोलत असतो, हे त्याचे मुख्य कारण. हा आढावा २०२५ च्या अखेरीपर्यंतच्या स्थितीवर आधारलेला आहे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस सोडून साधारण ७० हजार ते १ लाख रुपये म्हणजे मध्यम बजेट, असे येथे धरले आहे.

पार्श्वभूमी

२०१७ पर्यंत या बजेटमध्ये फारसा विचार करावा लागत नसे. इंटेलचा चार कोअरचा आय-५ घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणले आणि पुढच्याच महिन्यात सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ १६०० मध्यम किमतीत मिळू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेललाही आय-५ मध्ये सहा कोअर द्यावे लागले. तेव्हापासून मध्यम बजेटच्या ग्राहकाला प्रोसेसरमध्ये खरी निवड मिळाली.

दुसरा बदल नोव्हेंबर २०२० मधला. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही कन्सोलमध्ये आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी सामायिक मेमरी आणि वेगवान एसएसडी आली. मोठे खेळ कन्सोल समोर ठेवूनच बनतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांत पीसीवरच्या खेळांची भूकही त्या मापाची झाली.

तिसरा बदल किमतींचा. २०२० ते २०२२ या काळात कोविडमुळे वाढलेली मागणी, चिपची टंचाई आणि इथेरियमचे मायनिंग यांनी ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी केली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने पद्धत बदलली आणि मायनिंगची मागणी ओसरली. २०२५ च्या अखेरीस मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा पुरवठा ओढून घेतला आणि रॅमचे भाव भडकले. भागांच्या निवडीची आजची चर्चा या तीन बदलांच्या छायेत चालली आहे.

पैशांची विभागणी

सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक मानला जाणारा सल्ला असा, की गेमिंग पीसीत सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डवर व्हावा. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते जवळजवळ निम्मा. चित्र रेखाटण्याचे काम तेच करते, त्यामुळे १४४०पी रिझोल्यूशनवर, हाय सेटिंगवर खेळणाऱ्याला हा सल्ला अगदी लागू पडतो.

दुसरी बाजू स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांची. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत ग्राफिक्स मुद्दाम कमी ठेवतात आणि १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर जास्तीत जास्त फ्रेम काढायच्या असतात. तिथे ग्राफिक्स कार्ड अर्धे रिकामे बसते आणि गाडी प्रोसेसरपाशी अडते. अशा खेळाडूने कार्डावरचे काही हजार काढून प्रोसेसरकडे वळवले, तर ते वाया जात नाहीत.

या चर्चेत एक गैरसमज वारंवार डोकावतो. प्रोसेसरची तुलना करताना समीक्षक सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पीवर ठेवतात, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि प्रोसेसरमधला फरक उघड दिसतो. चाचणीची ही रीत बरोबरच आहे. पण त्या आलेखात दोन प्रोसेसरांमध्ये दिसणारा मोठा फरक आरटीएक्स ५०६० सारख्या कार्डाबरोबर पुष्कळदा नाहीसा होतो, कारण तिथे आधी कार्डच दमते. आलेख वाचताना त्याखाली कोणते कार्ड लिहिले आहे, हे पाहायला हवे.

सरासरी एफपीएसही, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडाही, पुरेसा नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात, ते मोजून दाखवले. ६० एफपीएस म्हणजे फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ६० असली तरी मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेत असेल, तर खेळ अडखळतो. ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा हेच अडखळणे दाखवतो.

प्रोसेसर आणि प्लॅटफॉर्म

येथे तीन भूमिका दिसतात.

पहिली, एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवाल्यांची. रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा, ६५ वॉटचा प्रोसेसर २०२२ चा असला तरी मध्यम कार्डाला पुरतो. बोर्ड स्वस्त, सोबत कूलर येतो आणि घरात जुनी डीडीआर४ रॅम असेल तर तीही चालते. वाचलेले पैसे थेट ग्राफिक्स कार्डात जातात.

दुसरी, एएमडीच्या नव्या एएम५ वाल्यांची. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. आज रायझन ५ ७६०० घेतला, तर तीन-चार वर्षांनी बोर्ड आणि रॅम न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल. एएम४ चा इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. २०१७ चा बोर्ड घेतलेल्या अनेकांना बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर लावता आला. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, ही त्याची महाग बाजू.

तिसरी, इंटेलची. आय-५ १२४००एफ अजूनही पैसे वसूल करणारा मानला जातो आणि त्याच्या सॉकेटवर डीडीआर४ चे बोर्ड मिळतात. मात्र तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, पुढच्या महिन्यात मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला हा दोष नाही. तेरावी-चौदावी घेणाऱ्याने बायोस अपडेट केल्याशिवाय पीसी रोजच्या वापराला काढू नये.

‘पुढे वाढवता येईल’ या मुद्द्याची किंमत किती धरायची, यावर मात्र निकाल लागलेला नाही. काहींच्या मते बहुतेक लोक पाच-सहा वर्षे काही बदलत नाहीत आणि मग बोर्डासकट सगळेच बदलतात. त्यांच्यासाठी नव्या सॉकेटचा जादा खर्च निरर्थक ठरतो. दर दोन-तीन वर्षांनी एकेक भाग बदलणाऱ्याला तोच खर्च परत मिळतो.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी

गेल्या तीन वर्षांतला सर्वांत कडवा वाद व्हीरॅमचा, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा, आहे. २०२३ च्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला आणि आठ जीबीच्या चांगल्या वेगवान कार्डांवरही धडपडला. त्या खेळात नंतर सुधारणा झाल्या, पण प्रश्न कायम राहिला.

आठ जीबी पुरतात म्हणणाऱ्यांचा आधार ठोस आहे. स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात आजही सर्वाधिक लोक १०८०पीवर खेळतात आणि लोकप्रिय ऑनलाइन खेळांना आठ जीबी पुष्कळ होतात. एएमडीचे फ्रँक एझोर यांनी मे २०२५ मध्ये आठ जीबीच्या कार्डाचे समर्थन याच मुद्द्यावर केले. टेक्स्चर अल्ट्राऐवजी हाय किंवा मीडियमवर ठेवले, की बहुतेक खेळ सुरळीत चालतात, हेही खरे आहे.

दुसऱ्या बाजूला आरटीएक्स ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही जोडकार्डे पुराव्यासारखी उभी आहेत. चिप तीच, फक्त मेमरी ८ किंवा १६ जीबी. मेमरी पुरते तोवर दोन्ही सारखी पळतात. अपुरी पडली की आठ जीबीचे कार्ड एकदम कोसळते. कारण समजायला सोपे आहे. ५०६० टीआय आपल्या मेमरीशी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने बोलते. ती भरली की उरलेला माल मदरबोर्डावरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तो पीसीआयईच्या वाटेने आणावा लागतो. या कार्डाला आठच लेन आहेत. पीसीआयई ५ च्या बोर्डावर ही वाट सेकंदाला सुमारे ३२ जीबीची, पीसीआयई ४ वर १६ ची आणि जुन्या बी४५० बोर्डावर जेमतेम ८ ची. म्हणून तेच कार्ड जुन्या बोर्डावर अधिक अडखळते आणि भिंतींचे, कपड्यांचे टेक्स्चर पुसट दिसू लागते. जुन्या पीसीत नवे कार्ड टाकणाऱ्याने हे नीट पाहावे.

पर्याय आता बरे आहेत. जून २०२५ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीची १६ जीबीची आवृत्ती अमेरिकेत ३४९ डॉलरला जाहीर झाली, ५०६० टीआय १६ जीबी ४२९ डॉलरला. इंटेलचे आर्क बी५८० २४९ डॉलरला १२ जीबीसह जाहीर झाले, पण जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग उतरतो, हे जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांनी दाखवले. त्याला बायोसमध्ये ‘रिसायझेबल बार’ चालू असावे लागते. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, आयातदाराचा वाटा आणि तुटवडा यांमुळे दुकानातला भाव डॉलरचे रुपये करून काढता येत नाही.

अपस्केलिंग आणि बनवलेल्या फ्रेम

कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करण्याचे तंत्र एनव्हिडियाने २०१८ मध्ये डीएलएसएस नावाने आणले. एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले. एएमडीच्या आरएक्स ९००० मालिकेतल्या एफएसआर ४ ने मशीन लर्निंगची वाट धरली आणि दोघांमधले अंतर बरेच कमी झाले. या तंत्राला आता फारसा विरोध उरलेला नाही. मात्र डीएलएसएस जास्त खेळांत मिळते, हा एनव्हिडियाचा फायदा टिकून आहे.

फ्रेम जनरेशनवर मतभेद आहेत. यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घुसवतात. २०२५ मधल्या आरटीएक्स ५० मालिकेत एकीमागे तीनपर्यंत. समर्थक म्हणतात, डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचा खरा उपयोग होतो. टीकाकार म्हणतात, माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाचा राहतो, उलट किंचित मंदावतो. म्हणून जाहिरातीतला हा आकडा साध्या एफपीएसशेजारी ठेवणे चुकीचे आहे. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तरच हे तंत्र चांगले वाटते, यावर दोन्ही बाजू बऱ्याच अंशी सहमत आहेत. मध्यम कार्डावर तो मूळ वेगच मिळवायचा असतो, ही खरी अडचण.

रे ट्रेसिंगची सोय कार्डात हवीच का, हा प्रश्न मात्र हळूहळू निकालात निघतो आहे. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय चालतच नाहीत. जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले, तरी हे खेळ त्यांच्यासाठी बंद आहेत.

रॅम आणि एसएसडी

वर्षभरापूर्वी इथे वाद नव्हता. ३२ जीबी डीडीआर५, ६००० च्या वेगाची, दोन स्टिकमध्ये घ्या, असे सगळेच सांगत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुपटीहून जास्त चढले. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. डीडीआर४ चे उत्पादनही आटत असल्याने तीही महागली.

आता एक गट म्हणतो, १६ जीबी घेऊन काम भागवा, पुढे वाढवा. दुसरा म्हणतो, नंतर चार स्टिक लावल्या तर डीडीआर५ चा वेग कमी करावा लागतो, म्हणून आत्ताच ३२ घ्या. दोन्हीत तथ्य आहे. एकच १६ जीबीची स्टिक लावून पुढे तशीच दुसरी घालणे हा मधला मार्ग काही सुचवतात; मात्र तोवर रॅम एकाच चॅनलवर चालते आणि वेगाला फटका बसतो.

फुकटात हाती येणारा वेग अनेक जण सोडून देतात. दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करावे लागते. ते केले नाही तर ६००० ची रॅम मुकाट्याने ४८०० वर चालत राहते. एसएसडीत एनव्हीएमई १ टीबी हे आजचे व्यवहार्य माप आहे. पीसीआयईच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीतला फरक खेळांत क्वचितच जाणवतो.

एसएमपीएस, कॅबिनेट आणि इथली हवा

परदेशी याद्या वाचताना आपल्या वाचकाने स्वतः भर घालावी अशी ही जागा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉट घेते, ६५ वॉटचा प्रोसेसर गरजेनुसार थोडा वर जातो. तरी साऱ्या पीसीला ५५० ते ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस भरपूर होतो. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. शॉर्ट सर्किट किंवा जादा व्होल्टेजपासून संरक्षण कितपत आहे, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी वाचावी लागते. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असते आणि एसएसडीसारखे भाग क्षणात जळतात.

घरात थ्री-पिनला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायला वाट नसते, म्हणून हे होते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हाच त्यावर उपाय. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना पीसी रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर आहे का ते पाहावे. चांगला एसएमपीएस सुमारे १६ मिलिसेकंदांचा खंड सोसतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

चाचण्या बहुतेक वेळा विशीतल्या तापमानाच्या खोलीत होतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेली खोली त्याहून जितकी जास्त तापते, जवळपास तितक्याच अंशांनी कार्डाचे तापमानही वर जाते. पुढून काच असलेले देखणे कॅबिनेट इथे गैरसोयीचे. पुढे जाळी, धुळीचा फिल्टर आणि दोन पंखे आत हवा घेणारे असलेले साधे कॅबिनेट बरे. कोकणात आणि गोव्यात दमट, खारी हवा असते. तिथे पीसी महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेला चांगला.

नवे, जुने आणि बिल

वापरलेल्या कार्डांबद्दल दोन मते आहेत. मायनिंगचे कार्ड अखंड चाललेले असल्याने टाळावे, हे एक. ते स्थिर तापमानाला चाललेले असते, फक्त पंखे आणि थर्मल पॅड बदलावे लागतात, हे दुसरे. चिप किती झिजली हे बाहेरून सांगता येत नाही, त्यामुळे शिल्लक वॉरंटी हाच व्यवहारातला निकष उरतो. जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरचाही विचार करावा. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे २०२५ मध्ये थांबवले.

खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि ऑनलाइन दुकाने यांत भावाचा फरक पूर्वीइतका राहिलेला नाही. दुकानात घासाघीस होते, कोणी डोळ्यांदेखत जोडूनही देतो. ऑनलाइन भाव ताडून पाहता येतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले कार्ड स्वस्त पडते खरे, पण अनेक कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते. बिलावर सीरियल नंबर लिहून घेणे दोन्हीकडे आवश्यक.

अनुत्तरित प्रश्न

तीन प्रश्न आज खुले आहेत. रॅमचे भाव कधी उतरतील, याचे उत्तर डेटा सेंटरच्या मागणीवर आणि नव्या कारखान्यांवर अवलंबून आहे. थांबावे की घ्यावे, यावर म्हणूनच एकमत नाही. आठ जीबीची कार्डे किती वर्षे तग धरतील, हे कन्सोलची पुढची पिढी ठरवेल. आणि भाग महागत असताना स्वतः जोडणे अजूनही स्वस्त पडते का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. घाऊक भावाने आधीच मेमरी उचललेले तयार पीसी काही वेळा सुट्या भागांपेक्षा कमी किमतीत दिसतात, पण त्यांत हलका एसएमपीएस किंवा एकच रॅम स्टिक असण्याची शक्यता तपासावी लागते.

निष्कर्ष

सगळ्या भूमिका समोर ठेवल्या, की निर्णयाचा एक क्रम हाती लागतो. आधी मॉनिटर आणि खेळ ठरवावेत. १०८०पीवर ऑनलाइन खेळच खेळायचे असतील, तर आठ जीबीचे कार्ड आणि बरा प्रोसेसर पुरे. १४४०पी आणि नवे मोठे खेळ हवे असतील, तर १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घ्यावे आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणला तरी चालेल. मग पीसी किती वर्षे वापरायचा ते ठरवून एएम४ की एएम५ हे सोडवावे. रॅम आणि एसएसडी नंतर वाढवता येते, कॅबिनेटची शोभा तर केव्हाही. एसएमपीएस, अर्थिंग आणि बिल या तीन गोष्टींत मात्र काटकसर करू नये, कारण बाकीचे सगळे भाग त्यांच्याच भरवशावर चालतात.